उजवं पुढचं चाक

१

तिसऱ्या सकाळीही ट्रक बसलेला होता.

मी ऑफिसचं कुलूप काढत होते, तेवढ्यात शेडमधून नवऱ्याचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. पर्स खुर्चीवर टाकून मी तशीच धावले.

उजव्या बाजूचं पुढचं चाक पार चपटं झालं होतं. केबिनमध्ये हवेच्या दाबाचा काटा शून्यावर. टाकीत हवा नसली की या ट्रकचे ब्रेक आपोआप आवळून बसतात. मग दहा माणसं लागली तरी तो वीतभर हलत नाही. मंगळवारी हेच. बुधवारी हेच. आज गुरुवार.

आमचा धंदा तसा सरळ आहे. लष्कर जुने ट्रक निकालात काढतं. ते आम्ही आणतो, उघडतो, धुतो, दुरुस्त करतो आणि ज्याला जसा हवा तसा करून देतो. कुणाला पाण्याचा टँकर लागतो, कुणाला क्रेन. हा मात्र फिरता दवाखाना होणार होता. सहाच्या सहा चाकांना इंजिनची ओढ असलेला, चिखल-दगड न मानणारा गडी. डोंगरावरच्या वस्त्यांवर जिथे साधी गाडी चढत नाही तिथे तो जायचा होता. डॉक्टरीणबाई शुक्रवारी दुपारी न्यायला येणार होत्या. शनिवारी संध्याकाळपासून वरचा रस्ता दुरुस्तीसाठी महिनाभर बंद, आणि वर तीन बायका दिवस भरत आलेल्या. बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "उशीर झाला तर मी चालत जाईन. पण ऑपरेशनचं टेबल काही चालत नेता येत नाही."

नवरा चाकाजवळ उकिडवा बसला होता. माझा धाकटा भाऊ, ज्याला सगळा कारखाना 'धाकटा' म्हणूनच ओळखतो, दाराशी हात पुसत उभा. तो आमचा भागीदार. इंजिन आणि गिअर त्याच्याकडे. टायरकाका त्यांच्या लोखंडी पहारीला टेकून उभे होते. आणि आमची वेल्डर, ठिणगी, कधी नव्हे ती गप्प होती.

"पंक्चर नाही," नवरा म्हणाला. "काल नव्हतं, परवा नव्हतं. चाक साबणाच्या पाण्यानं धुऊन काढलं, एक बुडबुडा आला नाही. म्हणजे कुणीतरी हवा सोडतंय. टाकीची पण आणि चाकाची पण."

"चाक उतरवून देता का मला?" टायरकाका म्हणाले. "आतून बघतो."

"काका, पंक्चर नाही म्हटलं ना! उतरवण्यात अर्धा दिवस जाईल. हवा भरा फक्त." मग नवरा उठला आणि धाकट्याकडे वळला. "सोमवारी तू काय म्हणाला होतास? सगळ्यांसमोर?"

धाकट्याचा चेहरा लाल झाला. "भाऊजी, मी म्हटलं स्टिअरिंग उजवीकडे ओढतंय. ब्रेक दाबला की जास्तच. असा ट्रक मी घाटात जाऊ देणार नाही, असं म्हटलं."

"आणि तो जात नाहीये. तीन दिवस झाले."

बारा वर्षं हे दोघं एका डब्यात जेवत आले होते. धाकट्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, घडी करून बाकावर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, माझा हिशोब नको, काही नको. हा ट्रक गेला की मी पण जातो."

मी एकाची बायको, दुसऱ्याची बहीण. ऑफिसात गेले आणि आत्याबाईंना फोन लावला.

२

आत्याबाई म्हणजे नवऱ्याची सख्खी आत्या. बसडेपोत तेहतीस वर्षं ब्रेक तपासनीस होत्या. त्यांनी सही केल्याशिवाय एकही बस फाटकाबाहेर पडत नसे, आणि त्यांची सही मिळवणं म्हणजे ड्रायव्हर लोकांच्या भाषेत 'बोर्डाची परीक्षा' होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. घरी बसून त्या शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून कुणाची रबरी रिंग गेलीय ते सांगतात, आणि ते खरं निघतं, म्हणून शेजारी त्यांच्याशी जरा जपूनच बोलतात.

तासाभरात त्या रिक्षातून उतरल्या. हातात पिशवी, पिशवीत दाढीचा ब्रश, साबणाची वडी आणि चपट्या डब्यात पोळीभाजी.

"आत्या, तू कशाला त्रास घेतलास?" नवरा म्हणाला.

"मला सूनबाईनं बोलावलंय. तू आपलं काम कर."

त्यांनी ट्रकला एक फेरी घातली. कशाला हात लावला नाही. मग गुडघ्यावर हात टेकून खाली वाकल्या आणि हवेच्या टाकीखालच्या फरशीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"शेड झाडलीय का आज?"

"नाही," मी म्हटलं. "सकाळपासून गोंधळच चाललाय."

"बरं. मग ऐक. टाकीतली हवा कुणी सोडली असं तुझा नवरा म्हणतो. सोडायची कुठून? या खालच्या तोटीतून. आता हवेच्या टाकीत पाणी साठतं, तेल साठतं. तोटी उघडली की आधी ते काळं पाणी थुंकल्यासारखं बाहेर येतं. फरशीवर डाग कुठाय?"

फरशीवर धुळीचा पातळ थर होता. डाग नव्हता.

"दुसरी वाट म्हणजे ब्रेक दाबून दाबून टाकी रिकामी करायची. त्याला केबिनमध्ये चढायला हवं. किल्ली कुणाकडे असते?"

"ह्याच्याच खिशात. झोपताना उशाशी घेतो."

"मग टाकीची हवा कुणी सोडलेली नाही. ती आपली आपण गेली." त्या पुढच्या चाकाशी आल्या. काकांनी हवा भरायला अजून सुरुवात केली नव्हती. आत्याबाईंनी व्हॉल्व्हवरची छोटी टोपी दोन बोटांनी फिरवून पाहिली. घट्ट होती. मग ॲक्सलखाली पाहिलं. तिथे एक जाड लाकडी ओंडका सरकवलेला होता.

"हा कुणी ठेवला?"

कुणालाच माहीत नव्हतं. नवरा म्हणाला, "कारखान्यात ओंडके पडलेलेच असतात, आत्या."

"हो, पडलेले असतात. हा पडलेला नाही." त्या उठल्या. पदरानं हात पुसून माझ्याकडे वळल्या, आणि नवऱ्याला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू म्हणाल्या, "टाकी आपोआप रिकामी होते. चाकाची हवा मात्र माणसानं सोडलीय, आणि जपून सोडलीय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत सूनबाई, आणि तुम्ही लोक तीन दिवस एकच चोर शोधताय."

३

आधी त्यांनी टाकीचं प्रकरण हातात घेतलं.

"गळती तुम्ही कधी तपासली?"

"दोन्ही दिवस दुपारी," नवरा म्हणाला. "इंजिन चालवलं, दाब पूर्ण चढवला, प्रत्येक जोडावर साबण लावला. ठणठणीत होतं सगळं. ट्रक महिनाभर आत रंगाच्या खोलीत उभा होता, तेव्हाही काटा कधी पडला नाही."

"रंगाच्या खोलीत दिवे असतात ना, रंग वाळवायचे?"

"असतात."

"आणि बाहेर कधी काढला?"

"सोमवारी संध्याकाळी."

आत्याबाई हसल्या. "सूनबाई, बर्फ मिळेल का कुठे?"

कोपऱ्यावरच्या मासळीवाल्याकडून मी बादलीभर बर्फ आणला. नवऱ्यानं इंजिन चालवून दाब चढवला, मग बंद केलं. आत्याबाईंनी बर्फाचे तुकडे जुन्या फडक्यांत बांधले आणि टाकीपासून मागे जाणाऱ्या नळीच्या एकेका जोडावर ते पुरचुंडीसारखे बसवले. दहा मिनिटं आम्ही सगळे त्या ट्रककडे आजारी माणसाच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्यासारखं बघत बसलो. ठिणगी म्हणाली, "ताप उतरला का हो, आत्या?" आणि सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

मग आत्याबाईंनी फडकी काढली आणि दाढीचा ब्रश साबणात बुडवून फिरवला. पहिला जोड कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्यावर, टाकीच्या मागच्या पितळी व्हॉल्व्हच्या गळ्याशी, फेस हलला. बारीक बुडबुड्यांची एक रांग उठली, फुटली, परत उठली.

"हा घ्या तुमचा चोर," त्या म्हणाल्या. "आतली रबरी रिंग लष्कराच्या गोदामात वर्षानुवर्षं पडून लाकूड झालीय. ऊब असली की फुगते आणि भोक बुजवते. गारठली की आक्रसते. तुम्ही दुपारी तपासलंत, उन्हानं पत्रा तापलेला असताना, गरम इंजिनाजवळ. पहाटे कुणी साबण लावायला आलं होतं?"

नवऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. काय बोलावं हे न सुचल्यावर तो हेच करतो. धाकट्यानं मुकाट्यानं पाने आणले आणि दोघं एकमेकांशी अक्षरही न बोलता व्हॉल्व्ह उघडायला बसले.

"म्हणजे झालं ना आत्या?" नवरा म्हणाला. "चाकाचंही असंच असेल. थंडीनं."

"थंडीनं चाकाची हवा जाते," आत्याबाई म्हणाल्या, "पण थंडी ॲक्सलखाली ओंडका ठेवत नाही."

४

त्यांनी ऑफिस मागून घेतलं. एकेकाला आत बोलवायचं, चहा द्यायचा आणि मी कोपऱ्यात बसून भाजी निवडल्याचं नाटक करायचं. (भाजी नव्हती. मी स्क्रूचे डबे निवडत होते.)

ठिणगी आधी आली. पस्तिशीची, बिनधास्त, बोलायला लागली की थांबत नाही.

"सकाळी कितीला येतेस?"

"साडेसातला."

"खरं सांग. तुझ्या बाहीवर ताजी ठिणगी उडून पडलेली भोकं आहेत, आणि साडेसातपासून इथे नुसती भांडणं चाललीयत. वेल्डिंग कधी केलंस?"

ठिणगीनं माझ्याकडे पाहिलं, मग चहाकडे. "वहिनी, रागावू नका. मी आणि धाकटा, आम्ही दोघं साडेसहाला येतो. तीन दिवस झाले. मागच्या भट्टीशेजारी."

माझ्या हातातला डबा निसटला. नको नको ते मनात येऊन गेलं.

"पायरी करतोय," ती घाईनं म्हणाली. "घडीची. ट्रकचा दरवाजा छातीएवढ्या उंचीवर आहे. पोटुशी बाई चढणार कशी? धाकट्यानं दादांना सांगितलं होतं, दादा म्हणाले आता वेळ नाही. मग आम्ही म्हटलं, गुपचूप करू. शुक्रवारी लावून दाखवू."

"हे तो सकाळी बोलला का नाही?"

"चोर ठरवल्यावर कोण बोलेल? त्याचं डोकं फिरलं."

आत्याबाईंनी तिचा कप पुन्हा भरला. "भट्टीपाशी असताना काही ऐकलंत?"

"ऐकलं ना. पण सांगायचं तर आम्ही तिथे होतो हेही सांगावं लागलं असतं. सातच्या सुमाराला आधी ठक-ठक. लाकडावर हातोडी बसल्यासारखी, हळू. मग फुस्स. लांबलचक फुस्स. तिन्ही दिवस."

"तेव्हा धाकटा कुठे होता?"

"माझ्यासमोर. पायरीचं दुसरं टोक धरून. सोडलं असतं तर माझ्या पायावर पडली असती."

धाकट्यानंही येऊन तेच सांगितलं, शब्द तेवढे निम्मे. तो गेल्यावर मला रडू येतंय की हसू हे कळेना. माझा भाऊ सुटला होता.

"सातला कोण कोण आलेलं असतं?" आत्याबाईंनी विचारलं.

"शेडची किल्ली पाच जणांकडे आहे. ते दोघं भट्टीपाशी होते," मी म्हटलं. मग मोजलं. उरले तिघं. माझा नवरा, टायरकाका आणि मी.

आत्याबाईंनी चहाचा घोट घेतला. "मग? तू सातला कुठे होतीस, सूनबाई?"

५

"घरी! डबे भरत होते. आणि हा दाढी करत होता, गाणं म्हणत. अख्ख्या मजल्याला विचारा."

"विचारायची गरज नाही. त्याचं गाणं मी ऐकलंय." त्या उठल्या. "चल, दोरी घे."

आम्ही शेडमध्ये गेलो. काकांनी चाकात हवा भरून ठेवली होती आणि ते मागच्या रॅकपाशी काहीतरी आवरत होते. आत्याबाईंनी मला ट्रकच्या डाव्या पुढच्या टायरभोवती, नक्षीच्या मधोमध, दोरी गुंडाळायला लावली. त्यासाठी चाक जॅकनं बोटभर उचललं, तरी दोरी खालून सरकवताना माझे हात कोपरापर्यंत काळे झाले. जिथे टोक आलं तिथे दोरीवर खडूची खूण केली. मग तीच दोरी मागच्या चारही चाकांना. खूण प्रत्येक वेळी तिथेच येत होती, फार तर बोटभर इकडेतिकडे.

शेवटी उजवं पुढचं चाक. दोरी पूर्ण फिरली आणि खूण टोकाच्या पुढे गेली. मला वाटलं मी ढिली धरलीय. परत ताणून धरली. चाक चांगलं अर्धी वीत कमी भरत होतं.

"हवा कमी असेल," मी म्हटलं.

"हवा कमी झाली तर चाक बसतं. त्याचा घेर अर्धी वीत कमी होत नाही. तीन दिवस तुम्ही सगळे तेच समजत होतात. लहान दिसतंय ना, मग हवा गेली असेल. आता कडेचा आकडा वाच."

टायरच्या कडेला आकडे उठावात असतात. पहिला आकडा टायर किती रुंद ते सांगतो, दुसरा आतली रिंग केवढी ते. आमच्या धंद्यात ते एका दमात म्हणतात. या ट्रकला लागतं 'अकराशे-वीस'. इथे कड कधीतरी दगडाला घासली होती, वर काळा रंग बसला होता. मी नखानं रंग खरवडला. एक. त्याच्या पुढचा आकडा अर्धा झिजलेला. तिरक्या उजेडात डोकं वाकडं करून पाहिलं तेव्हा तो गोल दिसला.

"हजार-वीस," मी म्हटलं.

दोन्ही टायर एकाच रिंगवर चढतात. बसवताना काही अडत नाही. पण सहाही चाकं एकत्र ओढणाऱ्या ट्रकमध्ये एक चाक लहान असलं तर ते बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं, गिअर आतल्या आत एकमेकांशी झगडत राहतात, आणि ब्रेक दाबला की ट्रक त्या बाजूला खेचला जातो. घाटात उजव्या बाजूला दरी होती.

"धाकटा खरं सांगत होता," मी म्हटलं.

"शब्दन् शब्द. आणि आता सांग, रोज तेच एक चाक का? सहा चाकं आहेत. कुणाला ट्रक अडवायचाच असता तर त्यानं कुठलंही धरलं असतं. ज्यानं हे चाक निवडलं त्याला ठाऊक होतं की हे चाक चुकीचं आहे."

६

आत्याबाई बाकावर बसल्या आणि बोटांवर काही न मोजता नुसतं बोलत गेल्या, जसं माणूस स्वतःशी बोलतो.

"खोडी काढणारा माणूस व्हॉल्व्हची पिन काढून फेकून देतो, नाहीतर खिळा ठोकतो. यानं पिन काढली, हवा सोडली, पिन परत बसवली, वर टोपी घट्ट लावली. धूळ जाऊ नये म्हणून. हवा गेल्यावर ट्रकचं वजन रिकाम्या टायरवर आलं की रिंग टायर कापते. म्हणून आधी ओंडका ठोकला. चुकीच्या टायरलासुद्धा इजा होऊ दिली नाही. असा माणूस तुमच्याकडे कोण आहे?"

माझी नजर मागच्या रॅककडे गेली.

"आणि तीन दिवसांत चाक उतरवून द्या असं किती जणांनी म्हटलं?"

"एकानंच," मी म्हटलं. "पण आत्याबाई, त्यांनीच बसवलंय ते. चूक कळली तर सरळ सांगायचं. त्यांना कोण काय बोलणार होतं? चाळीस वर्षं झाली त्यांना या कामात. आकडा चुकेलच कसा?"

"तेच मला कळत नाहीये. म्हणून तुला विचारते. तू त्यांना रोज बघतेस."

मी आठवायला लागले. सामानाच्या नोंदवहीत टायरकाकांचं अक्षर मोत्यासारखं असायचं. गेले तीन-चार महिने ते वही माझ्यापुढे सरकवतात. "तुमचं अक्षर बरं दिसतं, सूनबाई, तुम्हीच लिहा." मला उगाच बरं वाटायचं. जेवताना ते खिडकीकडे पाठ करून बसायला लागले होते. आणि परवा मी त्यांना एका ग्राहकाचा पत्ता दिला, तर कागद खिशात घालून म्हणाले, चष्मा घरी राहिला. त्यांचा चष्मा कपाळावर होता.

"आत्याबाई," मी म्हटलं, "काका टायर बघतात तेव्हा कडेवरून अंगठा फिरवतात. मला वाटायचं, सवय आहे."

आत्याबाईंनी उठून आपला अंगठा चाकाच्या कडेवरून फिरवला. मग म्हणाल्या, "झिजलेला आकडा. अंगठ्याला काय कळणार, एक आहे की शून्य."

७

टायरकाका रॅकपाशी एका उभ्या टायरला टेकून बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत. त्यांच्या पाठीमागचा टायर अकराशे-वीसचा होता. तोच, जो ट्रकवर असायला हवा होता.

"दोरी लावताना पाहिलं मी," ते म्हणाले. "म्हणजे, पाहिलं असं नाही. कळलं."

आत्याबाई त्यांच्यासमोर हत्यारांच्या पेटीवर बसल्या. "कधी लक्षात आलं?"

"सोमवारी संध्याकाळी. धाकटा म्हणाला स्टिअरिंग ओढतंय, तेव्हा धस्स झालं. मग इथे येऊन उरलेला टायर चाचपला. हा अकराशेचा निघाला. म्हणजे हजारचा तिकडे चढला." त्यांनी हात पालथे करून गुडघ्यावर ठेवले. मोठे, फाटलेले, काळे हात. "एकट्यानं उतरवायला गेलो. जमत नाही आता. दोन माणसांचं चाक आहे. म्हटलं, हवा सोडली की पंक्चर समजून मलाच देतील उतरवायला. गुपचूप टायर बदलीन. मालकांनी दिलंच नाही."

"आणि तोवर धाकट्यावर आळ आला," मी म्हटलं. मला बोलायचं नव्हतं एवढं कडक, पण बोलले.

"आज सकाळी तोंड उघडणार होतो, सूनबाई. देवाशप्पथ. पण त्यानं फडकं घडी करून ठेवलं आणि माझी जीभच टाळ्याला चिकटली. डोळे गेलेल्या फिटरला कोण ठेवतं? घरी बसून मी काय करू?"

"आणि उद्या दुपारी काय करणार होतात?" आत्याबाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही, पण डेपोतल्या ड्रायव्हरांना घाम का फुटायचा ते मला तेव्हा कळलं. "डॉक्टरीणबाई किल्ली फिरवून निघाल्या असत्या तर?"

"ट्रकसमोर आडवा पडलो असतो."

"त्यापेक्षा आत्ता उठा. भाच्याला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

काका उठले. मध्ये जमिनीवर पडलेल्या पाइपाला अडखळले, तेव्हा आत्याबाईंनी त्यांचा दंड धरला. मी दाराशीच थांबले. लांबून मला फक्त नवऱ्याची पाठ दिसत होती. काका बोलत होते, मान खाली घालून. नवऱ्यानं टोपी काढली. परत घातली. पुन्हा काढली. मग तो वळला आणि थेट धाकट्याकडे गेला, जो अजून त्या पितळी व्हॉल्व्हमध्ये नवी रिंग बसवत होता.

"स्टिअरिंग ओढत होतं," नवरा म्हणाला.

"हो."

"मी गाढव आहे."

"हो," धाकटा म्हणाला. जरा थांबून, "तेरा नंबरचा पाना द्या."

नवऱ्यानं पाना दिला. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

टायरकाकांना तो काय बोलला ते मी नंतर विचारलं. म्हणाला, काही नाही. म्हटलं, काका, चला, चाक उतरवू. दोघं मिळून.

८

शुक्रवारी सकाळी सात वाजता आम्ही सगळे शेडमध्ये हजर होतो, कुणीही न बोलावता. गारठा होता. नवरा केबिनमध्ये चढला आणि काच खाली करून ओरडला, "आठ! पूर्ण दाब!" काटा रात्रभर तसूभर हलला नव्हता. ठिणगीनं शिट्टी मारली.

उजव्या पुढच्या चाकावर अकराशे-वीस होता. आत्याबाईंनी माझ्याकडून दोरी लावून घेतलीच. मग धाकट्यानं ट्रक फाटकाबाहेर काढला, मोकळ्या रस्त्यावर नेला आणि परत येताना दोन्ही हात स्टिअरिंगवरून सोडून वर करून दाखवले. मी किंचाळले. नवरा म्हणाला, "बघ, सरळ येतोय."

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. बारीक, घाईतल्या, केसांत पेन खोचलेलं. पायरी उघडून दाखवली तेव्हा त्या दोनदा चढल्या, दोनदा उतरल्या आणि धाकट्याला म्हणाल्या, "हे मागायचं मला सुचलंच नव्हतं." धाकटा कानापर्यंत लाल झाला. नवऱ्यानं मान दुसरीकडे फिरवली, पण तो हसत होता.

मग आत्याबाईंनी टायरकाकांना पुढे केलं. ते नको नको म्हणत होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना ट्रकमध्ये नेऊन नव्या खुर्चीत बसवलं आणि बॅटरी डोळ्यांवर धरली. आम्ही बाहेर उभे. पाच मिनिटं गेली.

"मोतीबिंदू," आतून आवाज आला. "दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. आजोबा, हे घेऊन तुम्ही ट्रकचे टायर बसवत होता?"

"जाईल का?"

"एकेक डोळा, मध्ये थोडे दिवस. खालच्या हॉस्पिटलात माझी मैत्रीण करते, तिला चिठ्ठी देते. महिन्या-दीड महिन्यात इथे परत याल. एवढे दिवस थांबवलंत कशाला?"

काका चिठ्ठी मुठीत धरून खाली उतरले. ठिणगीनं त्यांना चहा दिला. तो हातातच गार झाला.

तीन वाजता ट्रक निघाला. संध्याकाळी उशिरा फोन आला. बाई वर पोचल्या होत्या, रस्ता बंद व्हायच्या एक दिवस आधी. तिघींपैकी एकीला कळा सुरू झाल्या होत्या, त्यामुळे फोन लगेच ठेवला. दुसऱ्या दिवशी कळलं, मुलगी झाली, ट्रकमध्येच.

सोमवारी सकाळी मी ऑफिस उघडलं तर टायरच्या रॅकपाशी आत्याबाई. अंगावर डेपोतला जुना खाकी कोट, बाजूला डबा, हातात काकांची पहार.

"हे काय?"

"दीड महिना तुम्हाला फिटर नको? आणि घरी मला कुकरच्या शिट्ट्या पुरे झाल्या."

नवऱ्याला विचारलं तर त्यानं टोपी काढली आणि परत घातली.

काका दीड महिन्यानं आले, नवा चष्मा लावून. आत्याबाईंनी रॅक उलटसुलट लावून ठेवलेलं पाहून त्यांनी अर्धा तास बडबड केली. आत्याबाई म्हणाल्या, इतके दिवस दिसत नव्हतं तेच बरं होतं. दुपारपर्यंत दोघांचे आवाज रस्त्यापर्यंत जायला लागले. नवरा ऑफिसात येऊन म्हणाला, "तू जा ना, सांग त्यांना काहीतरी. एकाला तरी घरी जायला सांग."

मी खिडकीतून पाहिलं. दोघं एका टायरपाशी वाकून उभे होते आणि एकमेकांचं एक अक्षर ऐकून न घेता बोलत होते. टायर मात्र व्यवस्थित बसत चालला होता.

"तूच जा," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.